मुलींचे मैदान : विद्यावर्धिनी आणि वसईतल्या महाविद्यालयीन खेळाची वाटचाल

सॉफ्टबॉलचा डायमंड आखायला चार खुंट्या, सुतळीचे एक रीळ आणि पाटीभर फक्की लागते. एका बेसपासून पुढचा बेस 60 फूट, होम प्लेटपासून पिचरची पट्टी 43 फूट. हात सराईत असतील तर दोन माणसे अर्ध्या तासात आखणी उरकतात. अवघड काम त्यानंतरचे. नऊ मुली, नऊ ग्लोव्ह आणि एक शिक्षक यांना सलग तीन वर्षे त्या डायमंडवर टिकवून ठेवणे एकट्यादुकट्याच्या हातचे नाही. त्याला संस्था लागते.

वसईतल्या विद्यावर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या वाटचालीतला मुलींच्या मैदानाचा भाग मी या स्मरणिकेसाठी मागून घेतला. इथे प्रश्न तीनच आहेत. मुलींच्या खेळाला पैसा कुठून येतो, शिकवायला माणूस कोण असतो आणि मैदानावर गेलेल्या मुलीच्या परीक्षेचे काय होते. हे तिन्ही प्रश्न एकदम विचारायला सॉफ्टबॉलसारखा खेळ नाही. कबड्डीला सपाट जमीन पुरते, खो-खोला दोन खांब पुरतात. सॉफ्टबॉलला साहित्य लागते, नियम जाणणारा शिक्षक लागतो आणि सरावाचे तास लागतात. यातले एकही कमी पडले की संघ उभा राहत नाही. ऐंशीच्या दशकात मी स्वतः कॅचर म्हणून खेळले. तेव्हा उदाहरणाला हा खेळ घेण्यात माझी ओढही आहेच.

पायाभरणीपूर्वी

बोरिवली ते विरार विजेची गाडी 1936 मध्ये सुरू झाली आणि वसई मुंबईच्या हाताच्या अंतरावर आली. केळी, फुले, भाजीच्या पाट्या घेऊन इथल्या बायका पहाटेच्या गाडीने शहर गाठत. घर चालवण्यासाठी बाईने वसईची खाडी ओलांडावी, याला कोणाची हरकत नव्हती. मुलीने शिकण्यासाठी ती ओलांडावी म्हटले की मात्र घरात चर्चा बसे. आगाशी, निर्मळ, पापडी, अर्नाळा इथली मुलगी शाळा संपवून थांबे, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. कॉलेज पलीकडे होते आणि परतीची गाडी अंधार पडल्यावर पोहोचे.

तरी संस्था उभारण्याची सवय या मातीला जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक 1918 ची. थोड्या थोड्या पैशातून मोठे काम उभे करायचे, हे इथल्या वाडवळ, कुपारी, सामवेदी, कोळी, आगरी, भंडारी घरांना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही. याच वातावरणात गोविंद धर्माजी तथा अण्णासाहेब वर्तक यांचे नेतृत्व घडले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी स्थानिक स्वराज्य खाते सांभाळले. पुढे पद्मश्री हरी गोविंद तथा भाऊसाहेब वर्तक यांनी 1970 मध्ये विद्यावर्धिनी ही संस्था नोंदवली. ग्रामीण भागातल्या मुलामुलींना घराजवळ उच्च शिक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू होता.

आणखी एक जुनी गोष्ट मुद्दाम सांगते, कारण खेळ शिकवणाऱ्या माणसाचा मुद्दा पुढे येणार आहे. खेरांच्याच पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात, 1938 मध्ये, कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. स्वामी कुवलयानंदांचा शारीरिक शिक्षणविषयक विचार तिच्या पाठीशी होता. खेळ शिकवणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, हे सरकारी पातळीवर मान्य झाले ते आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर.

सॉफ्टबॉल मात्र लांबून आला. 1887 मध्ये शिकागोच्या एका क्लबात, थंडीत आत बसलेल्या तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने टोलवला. त्या दिवशी जॉर्ज हॅनकॉक यांनी खडूने जमिनीवर रेघा ओढल्या, त्यातून हा खेळ निघाला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव 1926 चे. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना 1961 मध्ये जोधपूरला स्थापन झाली. म्हणजे वसईत महाविद्यालय उघडले तेव्हा हा खेळ देशात संघटित होऊन अवघी दहा वर्षे झाली होती.

1971 ते 1980

वसई रोडच्या पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, 1971 मध्ये विद्यावर्धिनीचे महाविद्यालय सुरू झाले. अण्णासाहेब वर्तक कला, केदारनाथ मल्होत्रा वाणिज्य आणि ई. एस. आंद्राडिस विज्ञान अशी तीन नावे एका पाटीवर आली. वसईचे मिश्र समाजजीवन त्या पाटीवरच वाचता येते. लोकांच्या तोंडी मात्र ‘वर्तक कॉलेज’ हेच नाव बसले.

मुलींच्या खेळाच्या दृष्टीने या घटनेचा पहिला अर्थ अगदी साधा होता. संध्याकाळचा एक तास मिळाला. चर्चगेटच्या बाजूला शिकणारी वसईची मुलगी तास संपताच गाडीकडे धावे. सरावाला थांबायचे तर घरी रात्रीचे आठ. घराजवळच्या कॉलेजातली मुलगी पाचपर्यंत मैदानावर राहून दिवेलागणीला उंबऱ्यात असू शकते. मुलींच्या खेळावर जी भाषणे होतात त्यात या एका तासाचा उल्लेख मी कधी ऐकला नाही, पण सगळे त्यावर उभे असते.

नव्या महाविद्यालयाच्या जिमखान्याचे अर्थकारण तेव्हा कसे असे, हे समजून घ्यायला हवे. विद्यार्थ्यागणिक ठरावीक जिमखाना शुल्क घेतले जाते आणि त्यातून वर्षभराचा खेळ चालतो. विद्यार्थीसंख्या कमी म्हणजे निधी कमी. त्या निधीवर पहिला हक्क क्रिकेटचा, मग व्हॉलीबॉलच्या जाळीचा, मग कॅरम आणि टेबल टेनिसचा. मुलींच्या वाट्याला बहुधा थ्रोबॉल आणि खो-खो येई, कारण त्यांना खर्च नाही. सॉफ्टबॉलचा संच घ्यायचा तर नऊ ग्लोव्ह, त्यातला एखादा डावखुऱ्या मुलीसाठी उलट्या हाताचा, कॅचरचा मास्क, छातीचे आणि पायाचे गार्ड, दोन बॅटी, बारा इंची घेराचे चेंडू, बेस. ही यादी वाचली की कोणताही कोषाध्यक्ष चष्मा काढून पुसू लागतो आणि त्याचा दोषही नसतो.

या दशकात दोन घटना घडल्या. 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात भारत सरकारने महिलांचा राष्ट्रीय क्रीडा महोत्सव सुरू केला. मुलींच्या स्पर्धांसाठी सरकारी तिजोरीतून वेगळी तरतूद होऊ लागली. त्याच सुमारास महाराष्ट्रात 10+2+3 ची रचना आली, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयांत आली आणि मुलगी एकाच आवारात पाच वर्षे राहण्याची सोय झाली. पाच वर्षांत कॅचर घडवता येते. तीनांत ती घडेपर्यंत निरोप समारंभ येतो.

तिकडे अमेरिकेत 1972 च्या जूनमध्ये एक कायदा झाला, ‘टायटल नाइन’ म्हणून तो ओळखला जातो. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद चालणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. त्याच्या मजकुरात खेळाचे नावही नव्हते, पण पुढे त्याच्याच आधाराने मुलींच्या संघांना शिष्यवृत्त्या, मैदाने आणि पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाले. वर्तक कॉलेजचे ते दुसरे वर्ष होते. दोन्हीकडच्या मुली साधारण एकाच वेळी मैदानात उतरल्या. पुढचा फरक कोणी जास्त हुशार असण्याचा नाही, मागे काय उभे होते याचा आहे.

1981 ते 1990

हे माझे दशक. मी वसईची, शिकायला मात्र मुंबईतल्या एका महाविद्यालयात होते. ते कोणते, याला इथे महत्त्व नाही. तिथे मुलींचा सॉफ्टबॉल संघ होता आणि कॅचरचा मास्क एकच होता. मुलग्यांच्या बेसबॉलच्या संचातला. तो मला मोठा व्हायचा. पट्ट्यात रुमालाची घडी घालून मी तो बसवायची. पिचरने हात गोल फिरवून चेंडू सोडला की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो. नाव सॉफ्टबॉल असले तरी चेंडू काही मऊ नसतो. एकदा मास्क सरकला आणि भुवईवर दोन टाके पडले. आईने विचारले, तेव्हा गाडीत दांडी लागली म्हणून सांगितले. खरे सांगितले असते तर दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद झाला असता.

त्याच वर्षी स्पर्धेच्या दिवशीच चाचणी परीक्षा आली. मी मैदान निवडले. परत आले तर त्या चाचणीचे गुण शून्य. विनंती अर्ज केला, त्यावर ‘विचार करू’ असे उत्तर मिळाले आणि वर्ष संपले. राग आज उरलेला नाही. पण त्या अनुभवाने मला कळले की मुलीच्या खेळातला सर्वांत महाग घटक बॅट नसून गुणपत्रिका आहे. बॅट कोणीतरी देणगी देतो. गुण कोणी देणगी देत नाही.

मात्र आमचे सर होते. खेळाडूंच्या फॉर्मवर सह्या आणण्यापासून विद्यापीठाच्या निवड चाचणीला सोबत येण्यापर्यंत सगळे ते करत. खो-खोच्या मुलींना त्यांनी सॉफ्टबॉलकडे वळवले, कारण दिशा बदलत धावणे आणि वाकून चेंडू उचलणे त्यांच्या अंगात आधीच होते. माझ्या आधीची कॅचर कशी बसायची, कोणती चूक करायची, हे मला त्यांच्याकडून समजले. ती मुलगी मी कधी पाहिली नव्हती.

इथे मला या लेखातला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. महाविद्यालयीन संघाची आठवण तीन वर्षांची असते. मुली येतात, शिकतात, जातात. शाळेत सॉफ्टबॉल न खेळलेली मुलगी पहिल्या वर्षी नियम शिकते, दुसऱ्या वर्षी खेळते, तिसऱ्या वर्षी खेळवते. पुढच्या तुकडीपर्यंत हे ज्ञान पोहोचवणारा एकच माणूस आवारात कायम असतो, तो म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. ती जागा तीन वर्षे रिकामी राहिली की संघाची आठवण पुसली जाते. ग्लोव्ह कपाटात असतात, पण ते कोणत्या हातात घालायचे हे सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून 1986 च्या वेतन आयोगाच्या काळातली एक गोष्ट मला मोठी वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीत शारीरिक शिक्षण संचालकाला अधिव्याख्यात्याच्या बरोबरीने बसवले गेले. शिक्षकांच्या खोलीत खेळाच्या सरांना खुर्ची मिळाली. अनुदानित महाविद्यालयात हा पगार शासन देते, त्यामुळे जिमखान्याच्या तुटपुंज्या निधीतून तो काढावा लागत नाही. निधी साहित्याला उरतो. मुलींच्या संघांना या एका तरतुदीने किती आधार दिला, याचे श्रेय कोणत्याही चषकावर कोरलेले नाही.

याच दशकात राज्याने मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत केले. 1983 पासून विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. वसईत संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे महाविद्यालय आले. वसईत जन्मलेल्या आणि 1597 मध्ये नागासाकीला हौतात्म्य पत्करलेल्या संताचे ते नाव. एकाच तालुक्यात दुसरे कॉलेज झाले की खेळायला शेजारी मिळतो, हाही लाभच. दशकाच्या अखेरीस इथली मोकळी जमीन राखू पाहणाऱ्या हरित वसईच्या चळवळीने माणसे रस्त्यावर आली. त्या सभांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मोकळी जमीन राखायची म्हणजे मैदानही राखायचे, हे तेव्हा वेगळे सांगावे लागले नाही.

1991 ते 2000

पश्चिम रेल्वेने मे 1992 मध्ये खास महिलांसाठी संपूर्ण लोकल सुरू केली आणि 1993 मध्ये ती विरारपर्यंत आली. विद्यापीठाचे सामने मुंबईतल्या मैदानांवर. खांद्यावर बॅटींची लांब पिशवी, हातात गार्डांची गाठोडी, अशा अवस्थेत सकाळच्या विरार गाडीत शिरणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच माहीत. महिलांच्या गाडीत निदान पिशवीला कोणी लाथ मारत नसे. ‘काय गं, मासे आणलेस की काय?’ एवढे विचारत आणि जागा करून देत.

विद्यावर्धिनीने 1994 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. 12.27 एकरांच्या आवारात नव्या इमारती, कर्मशाळा, प्रयोगशाळा आल्या. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, विश्वस्तांपासून कार्यालयातल्या शिपायांपर्यंत सर्वांनी, त्या काळात जी मेहनत केली तिची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. चार माणसे एकत्र आली की दोन मते होतात, ती इथेही झाली असतील. काम पुढे गेले, हे महत्त्वाचे. मैदानाच्या बाजूने एवढेच म्हणेन की कोणत्याही शिक्षणसंस्थेत इमारत आणि मैदान यांची ओढाताण असतेच, आणि सॉफ्टबॉल या बाबतीत समजूतदार खेळ आहे. त्याला क्रिकेटएवढी जागा लागत नाही. साधारण 200 ते 220 फूट त्रिज्येचा पाव वर्तुळासारखा तुकडा मिळाला की तो रमतो.

तालुक्याची हवाही खेळाला पोषक झाली. वसईच्या चिमाजी आप्पा मैदानावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरणाऱ्या तालुका कला-क्रीडा महोत्सवाने घरोघरच्या मुलामुलींना स्पर्धेची सवय लावली. राज्याचे पहिले महिला धोरण 1994 मध्ये आले, त्याच वर्षी पुण्याला बालेवाडीत राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला आणि ‘हा कसला खेळ?’ या प्रश्नाला उत्तर देणे आमच्यासारख्यांना सोपे झाले.

2001 ते 2010

नालासोपारा, विरार, वसई रोड इथे माणसांचा लोंढा या दशकात आला. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाख 22 हजारांवर गेली. विरारला विवा महाविद्यालय नावारूपाला आले. जुन्या महाविद्यालयांतही अनुदानित वर्गांच्या शेजारी स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रम वाढले. जिमखान्याच्या वहीवर याचा दुहेरी परिणाम होतो. शुल्क भरणारी डोकी वाढतात, निधी फुगतो, साहित्य घेता येते. पण शारीरिक शिक्षण संचालक तो एकच राहतो. पूर्वी काहीशे मुलांमागे असलेला एक शिक्षक आता हजारोंमागे असतो. त्याला कबड्डी, क्रिकेट, बुद्धिबळ, ॲथलेटिक्स सगळे बघायचे असते आणि मुलींचा सॉफ्टबॉल त्या यादीत तळाला जातो.

याच काळात अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत एकट्या महिला सॉफ्टबॉल संघासाठी पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक, त्याचे सहाय्यक आणि बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम ठेवता येत असे. ती बहुधा अठरा-वीस मुलींत वाटली जाई. शिवाय खेळाडूच्या अभ्यासाकडे बघायला वेगळा माणूस असे आणि ठरावीक गुण राखले नाहीत तर मुलीला खेळता येत नसे. त्यांचे सगळे आपण घ्यावे असे नाही, तिथला पैसा तिकिटे आणि दूरचित्रवाणीतून येतो. पण पैसा, माणूस आणि परीक्षा या तीन गोष्टी एकाच कार्यालयात बसून ठरवण्याची पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे पैसा जिमखाना समितीकडे, नेमणूक शासनाकडे आणि परीक्षा विद्यापीठाकडे.

राज्याने 2005 मध्ये शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण दिले. त्याचा परिणाम मी घराघरांत पाहिला. जे वडील ‘खेळून काय मिळणार’ म्हणत, तेच प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवू लागले. 2007 मध्ये बोरिवली-विरार चौपदरी मार्ग पूर्ण झाला. 2009 च्या जुलैत वसई-विरार महानगरपालिका झाली. आणि 2008 मध्ये बीजिंगला जपानच्या युकिको उएनो या पिचरने दोन दिवसांत तीन सामने आणि 413 चेंडू टाकून अमेरिकेला हरवले, सुवर्णपदक नेले. तो सामना मी वसईतल्या घरात बसून पाहिला. शेवटच्या फलंदाजापर्यंत तिचा खांदा खाली आला नाही. त्यानंतर ऑलिंपिकमधून खेळ वगळला गेला.

2011 ते 2020

परीक्षेच्या वहीत या दशकात मोठा फेरफार झाला. मुंबई विद्यापीठाने 2011-12 पासून पदवीला श्रेयांकावर आधारित सत्र पद्धत आणली. पूर्वी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये एकदाच असे. खेळाडू मुलगी दिवाळीपर्यंत खेळे, नाताळनंतर वह्या गोळा करे आणि पास होई. आता पहिली सत्र परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, अगदी स्पर्धांच्या तोंडावर. वसईतल्या मैदानाचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. इथला पाऊस नवरात्रापर्यंत रेंगाळतो, काळी चिकण जमीन वाळायला दसरा उजाडतो. मैदान खेळण्याजोगे होते तेव्हाच हॉल तिकिटे वाटली जातात.

विद्यापीठाच्या नियमांत खेळाडूंना आधार आहे. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसीप्रमाणे खेळाडूलाही दहा गुणांची सवलत मिळते. विद्यापीठाकडून किंवा महाविद्यालयाकडून खेळायला गेल्यामुळे परीक्षा चुकली तर अतिरिक्त परीक्षेची तरतूद आहे. 75 टक्के उपस्थितीच्या नियमातही अशा मुलींचा विचार करता येतो. माझ्या वेळी शून्य मिळाले तिथे आज कागदावर उत्तर आहे. पण कागद वेळेत पुढे सरकवायला, मुलीची सही घ्यायला, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला पुन्हा तोच एक माणूस लागतो.

तो माणूस या दशकात राज्यभर दुर्मीळ झाला. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे थांबली. 2018 च्या नोव्हेंबरात शासनाने 4,738 पदे भरायला मान्यता दिली. त्यात सहायक प्राध्यापक 3,580, ग्रंथपाल 163, प्रयोगशाळा सहायक 856 आणि शारीरिक शिक्षण संचालक 139. साऱ्या महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांसाठी 139. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. जिथे कायम माणूस नाही तिथे तासिका तत्त्वावर कोणी तरुण येतो. मन लावून शिकवतो, जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही या काळजीत असतो. अशा अनेक तरुण-तरुणींनी महाविद्यालयांचे संघ तगवले आहेत. त्यांची नावे कोणत्याही अहवालात कायमची लागत नाहीत, म्हणून इथे त्यांना एकत्र नमस्कार करते.

वसई-विरार महापौर मॅरेथॉन 2011 मध्ये सुरू झाली आणि पहाटे रस्त्यावर धावणारी मुलगी हे दृश्य सवयीचे झाले. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, क्रीडा कार्यालय जवळ येण्याची आशा जागी झाली. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आणले. 2020 च्या फेब्रुवारीत भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. सतरा खेळ होते, सॉफ्टबॉल नव्हता. महिनाभरात टाळेबंदी लागली. मैदानावर गवत गुडघ्याएवढे झाले. मुलींची एक अख्खी तुकडी मोबाइलवर पदवीधर झाली.

2021 नंतर

टोकियो ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परतला, जपानने पुन्हा सुवर्ण घेतले आणि पिचरच्या पट्टीवर पुन्हा उएनो होती. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही हा खेळ आहे. त्या बातमीने वसईतल्या एखाद्या जिमखान्यात ग्लोव्हची नवी खेप येणार नाही, पण अर्ज करणाऱ्या शिक्षकाच्या अर्जात एक ओळ वाढेल.

त्याहून जवळची गोष्ट नव्या शैक्षणिक धोरणाची. राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमाच्या नव्या रचनेत सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत आणि त्यात एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजनेबरोबर खेळही बसतो. आजवर खेळ गुणपत्रिकेला सवलत म्हणून चिकटत होता, आता तो विषय म्हणून येतो. श्रेयांक द्यायचा तर तास घ्यावे लागतील, तास घ्यायचे तर शिक्षक लागेल. मुलींच्या मैदानासाठी शिक्षक मागायला यापेक्षा भक्कम कारण माझ्या पाहण्यात आलेले नाही. 2024 च्या जुलैपासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले. घरातून निघालेला पैसा थोडा वाचला तर तिच्या पायात खिळ्यांचे बूट येऊ शकतात.

आज विद्यावर्धिनीच्या आवारात कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी अशा वाटांवर शिकणाऱ्या मुली रोज स्टेशनवरून चालत येतात. त्यांतल्या बऱ्याच जणी अशा घरांतल्या आहेत जिथे त्यांच्या आजीने पाटी डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडली. शाळेत लंगडी आणि खो-खो खेळलेली मुलगी अजून या तालुक्यात भरपूर आहे. तिला सॉफ्टबॉल शिकवायला पहिले दोन आठवडे फक्त टेनिसचा चेंडू पुरतो. ग्लोव्ह तिसऱ्या आठवड्यात. बॅट त्यानंतर. मास्क मात्र पहिल्या दिवसापासून हवा, आणि तो तिच्या मापाचा हवा.

दसरा झाला की जमीन वाळेल. फक्कीची पाटी, सुतळी आणि चार खुंट्या खोलीच्या कोपऱ्यातून काढायच्या. होम प्लेट पश्चिमेच्या बाजूला धरायची, म्हणजे संध्याकाळचे ऊन फलंदाजाच्या पाठीवर राहते. त्या उन्हाचा त्रास समोर उभ्या पिचरला होतो, म्हणून तिच्यासाठी पुढे टोक असलेली एक टोपी त्याच पाटीत ठेवावी.